कोड उघडा, रिलीज बंद : कंपन्या मोफत टूल देणं का थांबवतात?

बडोद्यातल्या एका लहान कंपनीत बिल्ड आणि सर्व्हर सांभाळणारे इंजिनिअर विचारतात : "एका कंपनीच्या तयार कंटेनर इमेज आम्ही कित्येक वर्षं मोफत वापरत होतो. परवा बिल्ड पडलं, पाहतो तर इमेज नेहमीच्या जागी नाहीच. कोड मात्र अजून सगळ्यांना दिसतोय. कोड उघडा ठेवायचा आणि तयार माल बंद करायचा, यात कंपनीला काय मिळतं? ओपन सोर्समध्ये असं चालतं का? आणि आमच्या शेठना काय सांगू?"

कंटेनर इमेज म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं तयार पाकीट, आणि बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणं. इमेज कोणाच्या होत्या हे त्यांनी लिहिलेलं नाही. त्याने उत्तरात फारसा फरक पडतही नाही, कारण गेल्या काही वर्षांत हा प्रकार बऱ्याच जणांनी केलाय.

चालतं का, तर चालतं. एमआयटी, बीएसडी, अपाची यातलं कुठलंही लायसन्स उघडून वाचा. हातात असलेल्या कोडचं तुम्ही काय करू शकता, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. पुढची आवृत्ती निघेल, निघाली तर सगळ्यांना मिळेल, कंपाइल करून मिळेल, यातलं एकही वाक्य त्यात नाही. उलट त्यात असं असतं की जसं आहे तसं घ्या, हमी कसलीही नाही. हा भाग आपण कोणीच वाचत नाही, आणि वाद नेमका तिथेच होतो.

जीपीएल हे लायसन्स जरा कडक आहे, पण तिचंही बंधन मर्यादित आहे. ज्याला बायनरी, म्हणजे तयार चालणारी फाइल, दिली त्याला सोर्स, म्हणजे मूळ कोड, मिळायला हवा. साऱ्या जगाला द्या, असं ती म्हणत नाही. रेड हॅटने जून २०२३ मध्ये हाच धागा पकडला. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सचा सोर्स आधी सगळ्यांसाठी खुल्या रेपोत, म्हणजे कोडच्या कोठारात, येत असे, तो बंद झाला. ग्राहकाला त्याच्या पोर्टलवर मिळतो, बाकीच्यांनी सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे पुढच्या आवृत्तीची उघडी शाखा, पाहावी. ग्राहकाने तो सोर्स पुढे वाटला तर जीपीएल त्याला अडवत नाही, पण कंपनी त्याच्याशी पुढचा करार मोडू शकते. हे लायसन्सच्या अक्षरात बसतं, भावनेत बसत नाही, यावर जुन्या जीपीएलवाल्यांनी बरंच रण माजवलं. रेड हॅटसारखंच लिनक्स मोफत देणाऱ्या अल्मा लिनक्स आणि रॉकी लिनक्सवाल्यांना मग सोर्स मिळवायच्या वाटा नव्याने शोधाव्या लागल्या.

एक गोष्ट मात्र कंपनीला करता येत नाही. जी आवृत्ती एकदा उघड्या लायसन्सखाली दिली, ती तुमच्याकडून परत घेता येत नाही. फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून दुसऱ्यांनी काढलेले वेगळे प्रकल्प, उभे राहतात ते याच जोरावर. आणि एक गोष्ट कंपनीला करता येते, पण लोकांच्या लक्षात येत नाही : कॉपीराइटचा मालक स्वतःच्या लायसन्सला बांधील नसतो. म्हणून बऱ्याच कंपन्या बाहेरच्या माणसाकडून पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, घेताना आधी सीएलए नावाच्या करारावर सही घेतात. मजकूर वेगवेगळा असतो, पण त्यातून अनेकदा तुमच्या ओळी हव्या त्या लायसन्सखाली पुन्हा द्यायचा हक्क कंपनीकडे जातो. टूल निवडताना मी गिटहब या कोडच्या साइटवरचे तारे, म्हणजे किती जणांनी पसंती दिली ते, पाहत नाही, सीएलए आहे का ते पाहतो.

आता मुख्य मुद्दा. कोड आणि रिलीज या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांना लागणारी मेहनतही वेगळ्या जातीची आहे.

कोड माणसं हौसेनं लिहितात. रात्री जागून, सुट्टीच्या दिवशी, कोणी पैसे दिले नाहीत तरी. रिलीज हौसेनं कोणी करत नाही. एक साधा प्रसंग घ्या : एखाद्या लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडला आणि दुरुस्ती पाच ओळींची आहे. मुख्य शाखेत ती लागली, झालं. पण गिऱ्हाइकं तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर बसलेली आहेत. तिथे ती फाइल वेगळी आहे, फंक्शनचं नाव वेगळं आहे, त्या पाच ओळी जशाच्या तशा बसत नाहीत. मग कोणीतरी जुना कोड पुन्हा डोक्यात भरायचा, तिथे हाताने दुरुस्ती लिहायची आणि जुन्या टेस्ट चालवायच्या. त्यातल्या काही टेस्ट नव्या मशीनवर चालतच नाहीत, म्हणून जुन्या कंपाइलरची एक व्हर्च्युअल मशीन जपून ठेवायची. मग बिल्ड : विंडोजचं, लिनक्सचं दोन प्रोसेसरांसाठी, मॅकचं. मॅकसाठी ॲपलकडून नोटरायझेशन, म्हणजे तपासणीचा शिक्का, करून आणायचं. विंडोजसाठी सही करायची, तर जून २०२३ पासून सहीची गुप्त चावी साध्या फाइलमध्ये ठेवायला बंदी आहे, ती हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित उपकरणात लागते. ते टोकन कोणाच्या तरी खणात असतं आणि तो माणूस गावाला गेलेला असतो. हे सगळं करून फाइल चढवली की दोन दिवसांनी कोणीतरी कळवतो, आमच्या जुन्या लिनक्सवर चालत नाही. आवाज असा, जणू त्याने पैसे मोजलेत.

जुन्या आवृत्तीवर दुरुस्ती आणून बसवायच्या या कामाला बॅकपोर्ट म्हणतात, आणि ओपन सोर्समध्ये विकण्यासारखी वस्तू बहुतेक वेळा हीच असते. मोठी कंपनी नव्या फीचरसाठी सहसा लगेच पैसे देत नाही. काही हलवू नका, फक्त भोकं बुजवा, यासाठी देते. म्हणून विक्रेता कात्री लावतो ती नेमकी इथे.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मला लिंकर्डीचं वाटतं. कुबरनेटीस, म्हणजे अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी यंत्रणा, तिच्यातल्या सर्व्हिसेसच्या आपसातल्या बोलण्यावर पहारा ठेवणारं हे टूल. ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, लायसन्स अपाची, कोड आजही सगळा उघडा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्यामागच्या बॉयंट कंपनीने जाहीर केलं की स्थिर आवृत्तीच्या तयार फाइली यापुढे आम्ही मोफत काढणार नाही. एज म्हणजे ताज्या आवृत्त्या निघत राहतील, त्या घ्या. स्थिर हवी आणि तुमच्या कंपनीत पन्नासपेक्षा जास्त माणसं असतील तर पैसे द्या. आरडाओरडा झालाच. मला मात्र त्यात लबाडी दिसली नाही. काय बंद, काय चालू, कोणी पैसे द्यायचे, हे त्यांनी सरळ सांगितलं होतं.

क्यूटी म्हणजे स्क्रीनवरची बटणं-खिडक्या बनवायची लायब्ररी. तिचं प्रकरण बडोद्याला जास्त जवळचं आहे. इथल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत पॅकिंग मशीन, फार्माची मशीनं, टेस्टिंगचे बेंच बनवणारे बरेच जण आहेत, आणि मशीनच्या पॅनलवरचा टचस्क्रीन बऱ्याच ठिकाणी क्यूटीवर चालतो. मशीन पंधरा वर्षं चालवायचं असतं, त्यामुळे जुन्या आवृत्तीला दीर्घकाळ पॅच मिळणं महत्त्वाचं. क्यूटी कंपनीने जानेवारी २०२० मध्येच सांगून टाकलं होतं की एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीचे पुढचे पॅच फक्त पैसे देणाऱ्यांना. नोव्हेंबर २०२० ची ५.१५.२ ही त्या मालिकेतली सगळ्यांना लगेच मिळालेली शेवटची आवृत्ती. डिसेंबरात क्यूटी ६ आली आणि जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात ५.१५ ची शाखा बाहेरच्यांना बंद झाली.

क्यूटी ६ वर जा म्हणणं सोपं आहे. तिला सी प्लस प्लस १७ समजणारा कंपाइलर लागतो, आणि पॅनलच्या बोर्डाबरोबर पुरवठादाराने दिलेला कंपाइलर अनेकदा त्याहून जुना असतो. बोर्ड बदला तर मशीनचं पुन्हा व्हॅलिडेशन करा. फार्मात ते किती महाग पडतं हे त्यांना विचारा. अशा एका कामात आम्ही तिसरा रस्ता घेतला. क्यूटीवर लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीई समुदायाने एप्रिल २०२१ पासून ५.१५ साठी निवडक दुरुस्त्यांचा संच चालवला होता, तो घेतला आणि बोर्डाच्याच कंपाइलरने स्वतः बिल्ड केला. बिल्ड रात्रभर चालायचं. ते संपलं की टचचा प्लगइन वेगळा बांधावा लागायचा, कारण नव्या लायब्ररीबरोबर जुना प्लगइन लोडच होईना. मग ते कार्डवर चढवून शॉपफ्लोअरवर न्यायचं, ऑपरेटरला हातमोजे घालून बटणं दाबायला लावायचं, आणि एका कोपऱ्यातला स्पर्श चार मिलिमीटर सरकलेला निघाला की परत यायचं. क्यूटीवाले पैसे कशाचे मागत होते हे त्या खेपांमध्ये शेठच्या मुलालाही कळलं. तो बरोबर यायचा.

क्यूटीच्या बाबतीत एक जुना करार लोकांच्या कामी आला. १९९८ मध्ये तेव्हाच्या ट्रोलटेक कंपनीने केडीईबरोबर एक फाउंडेशन काढून लिहून दिलं होतं की मोफत आवृत्ती ठराविक काळात निघाली नाही, तर फाउंडेशन क्यूटी बीएसडीसारख्या मोकळ्या लायसन्सखाली देऊन टाकू शकेल. ट्रोलटेक गेली, नोकिया आली, डिजिया आली, मग क्यूटी कंपनी वेगळी झाली; करार प्रत्येकाच्या गळ्यात तसाच राहिला. त्यामुळे मार्च २०२१ मध्ये गिऱ्हाइकांना मिळालेल्या ५.१५.३ चा सोर्स वर्षभराने, मार्च २०२२ मध्ये सगळ्यांसाठी आला. उशिरा, पण आला. असा करार मी दुसऱ्या कुठल्या मोठ्या टूलमागे पाहिलेला नाही.

आता पैशाची बाजू. डेव्हलपर टूलचा धंदा थोडा विचित्र आहे. वापरणारा इंजिनिअर असतो आणि त्याच्या हातात बजेट नसतं. बजेट ज्याच्या हातात, तो टूल कधी उघडूनही पाहत नाही. म्हणून विक्रेता टूल आधी इंजिनिअरला मोफत देतो. तो ते खालच्या दाराने कंपनीत नेतो, दोन वर्षांत सगळी कामं त्यावर अडकतात, आणि मग विक्रेत्याचा माणूस वरच्या दाराने येऊन सपोर्टचं कोटेशन देतो. मोफत रिलीज हा त्या विक्रेत्याचा जाहिरातीचा खर्च असतो. टूल सगळीकडे पोचलं की जाहिरातीची गरज संपते आणि एक नवीच अडचण उभी राहते : सर्वांत मोठा स्पर्धक म्हणजे स्वतःचीच मोफत आवृत्ती. विक्रीवाला जिथे जाईल तिथे एकच वाक्य ऐकतो, आमचं फुकटचं छान चाललंय की.

डॉकर डेस्कटॉपचा निर्णय असाच वाचावा. त्या प्रोग्रॅमचा सगळा कोड मुळात उघडा नव्हता, पण हिशोब तोच. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असेल तर पैसे द्या. लहानांना हात लावला नाही, कारण लहानच उद्या मोठे होतात.

व्याजदर वाढले तेव्हा हे सगळं आणखी घट्ट झालं. पैसा स्वस्त होता तोवर गुंतवणूकदार वापरणारे किती, एवढंच विचारायचे. २०२२ नंतर ते देणारे किती, असं विचारू लागले. अका या प्रोग्रॅमिंगच्या टूलने सप्टेंबर २०२२ मध्ये अपाची सोडून बीएसएल नावाचं लायसन्स घेतलं, हॅशीकॉर्पने टेराफॉर्म या सर्व्हर उभे करायच्या टूलसकट आपली टूल ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच लायसन्सखाली आणली. बीएसएल मूळची मारियाडीबी डेटाबेसवाल्यांची कल्पना : कोड वाचा, वापरा, पण ठरलेल्या प्रकारे धंद्यात वापरायचा तर परवानगी घ्या, आणि जास्तीत जास्त चार वर्षांनी तीच आवृत्ती आपोआप उघड्या लायसन्सखाली येते.

मोठ्या क्लाउड कंपन्या आमचा कोड फुकटात घेऊन सेवा म्हणून विकतात, ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. डेटा साठवायची-शोधायची टूल बनवणाऱ्या मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये, इलास्टिकने जानेवारी २०२१ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदललं ते याच कारणाने. तक्रार खोटी नाही. पण पुढे काय झालं तेही पाहा : ॲमेझॉनने इलास्टिकचा फोर्क काढून ओपनसर्च उभा केला, रेडिसचा फोर्क वाल्की लिनक्स फाउंडेशनखाली काही दिवसांत जमला, आणि इलास्टिक २०२४ मध्ये, रेडिस मे २०२५ मध्ये एजीपीएलचा (नेटवर्कवर सेवा म्हणून चालवलं तरी सोर्स द्या म्हणणाऱ्या उघड्या लायसन्सचा) पर्याय देऊन अर्ध्या वाटेने परत आले. क्लाउडवाल्यांना रोखायला काढलेल्या शस्त्राने क्लाउडवाल्यांकडेच स्वतःची टूल तयार झाली.

मालक बदलणं हे सर्वांत कमी सांगितलं जाणारं कारण. तयार इमेज पुरवणारी बिटनामी २०१९ मध्ये व्हीएमवेअरकडे गेली, व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर जाहीर झालं की जगभर वापरल्या जाणाऱ्या बिटनामीच्या बहुतेक मोफत इमेज जुन्या मालाच्या वेगळ्या रेपोत हलतील, तिथे पॅच मिळणार नाहीत, आणि सांभाळलेला माल पैसे देणाऱ्यांना. आधी २८ ऑगस्ट ही तारीख होती, बोंब झाली म्हणून २९ सप्टेंबर २०२५ पर्यंत ढकलली. असा निर्णय कोणाच्या रागालोभातून येतो असं मला वाटत नाही. नवा मालक ताळेबंद हातात घेतो आणि प्रत्येक ओळीसमोर विचारतो, यातून येतं काय? इमेज रोज नव्याने बांधणं, तपासणं, साठवणं आणि जगभर वाहून नेणं यांचं बिल मोठं असतं, आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला काही नसतं.

फाइली साठवायचं टूल बनवणाऱ्या मिनआयओने मात्र वाईट पायंडा पाडला, असं माझं मत आहे. लायसन्स एजीपीएल, ते २०२१ मध्येच बदललं होतं. मे २०२५ मध्ये मोफत आवृत्तीच्या वेब कन्सोलमधून प्रशासनाची बटणं काढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तयार इमेज आणि बायनरी देणं थांबवलं, आणि ते अशा वेळी की सुरक्षेचा एक दोष नुकताच दुरुस्त झाला होता. कोडमध्ये दुरुस्ती आहे, इमेजमध्ये नाही, आणि कितीतरी सर्व्हर इमेजवर. कायद्याने चूक काहीच नाही. पण बंद करायचंच होतं तर तो शेवटचा पॅच देऊन, तारीख सांगून बंद करता आलं असतं.

सुरक्षेची जबाबदारी हे कारण येत्या दोन-तीन वर्षांत वाढणार आहे. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. हल्ल्यात वापरले जाणारे दोष कळवायचं बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून, मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून. दंडाची वरची मर्यादा दीड कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते. हौशी आणि धंद्याबाहेरच्या ओपन सोर्सला त्यात सूट आहे. पण जी कंपनी त्याच टूलवर पैसे कमावते, तिने बाजारात ठेवलेल्या मालाची जबाबदारी तिच्यावर येते. अशा कंपनीचा वकील पहिला सल्ला काय देईल? ज्याचे पैसे मिळत नाहीत, त्याची तयार फाइल आपल्या नावाने कशाला ठेवायची? सोर्स ठेवा, बायनरी ज्याची त्याने बांधावी.

मकरपुऱ्यातून युरोपला मशीन पाठवणाऱ्यांनीही हे वाचायला हवं, कारण नेटवर्कला जोडलेलं पॅनल त्या कायद्यात येतं. मशीनमध्ये कोणकोणते सॉफ्टवेअरचे भाग आहेत याची यादी, म्हणजे एसबीओएम, ठेवावी लागेल, आणि सर्वसाधारणपणे निदान पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट द्यावे लागतील. ज्या टूलचे अपडेट तुम्हालाच मिळत नाहीत, त्याचे तुम्ही गिऱ्हाइकाला कुठून देणार?

काही वेळा कारण एवढं गुंतागुंतीचं नसतं. गिटहबने ॲटम एडिटर १५ डिसेंबर २०२२ ला गुंडाळला, कारण मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब घेतल्यावर एका घरात दोन एडिटर झाले आणि व्हीएस कोड पुढे निघून गेला होता. गूगलने मार्च २०२५ मध्ये अँड्रॉइडचं सगळं काम आतल्या शाखेत नेलं, कारण आतली आणि बाहेरची अशा दोन शाखा जुळवत बसणं त्यांना नकोसं झालं. सोर्स ठराविक वेळीच बाहेर येतो, रोजचं काम दिसत नाही.

मग कशावर विसंबायचं? एकाच कंपनीच्या हातात कॉपीराइट, सीएलए, सहीची चावी आणि कोड सांभाळणारी सगळी माणसं असतील, तर ते टूल आज मोफत आहे एवढंच म्हणता येतं. पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण घ्या. मालक एक नाही, काम करणारी माणसं अनेक कंपन्यांच्या पगारावर, दर वर्षी एक मोठी आवृत्ती आणि प्रत्येकीला पाच वर्षं पॅच. एखादी कंपनी उद्या उठून गेली तरी रिलीज थांबत नाही. कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, नव्याने आलेल्या मुलांना मी मुलाखतीत विचारतो, तुम्ही वापरता त्या टूलचं शेवटचं रिलीज कोणी साइन केलं आणि त्या माणसाचा पगार कोण देतं? बहुतेकांना हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा वाटतो.

फोर्क होईल म्हणून निर्धास्त राहू नका. टेराफॉर्मचा ओपनटोफू झाला, कारण त्यावर पोट असलेल्या कितीतरी कंपन्या होत्या आणि त्यांनी माणसं दिली. जानेवारी २०२४ मध्ये पहिली स्थिर आवृत्तीही निघाली. तुमच्या इमेजच्या मागे तशी फौज आहे का, ते आधी पाहा. गिटहबवर फोर्कचं बटण दाबणारे पुष्कळ असतात, सुरक्षेची मेल रात्री दोनला वाचणारा लागतो.

आता शेठचं. इकडे शेठचा पहिला प्रश्न ठरलेला : "मफत छे ने?" त्यांना लायसन्सच्या गोष्टी सांगू नका. कॉम्प्रेसरची एएमसी, म्हणजे देखभालीच्या कराराची रक्कम, ते दर वर्षी बिनबोभाट भरतात, कारण कॉम्प्रेसर विकत घेणं आणि तो चालू ठेवणं हे दोन खर्च आहेत हे त्यांना पक्कं माहीत आहे. सॉफ्टवेअरमध्ये पहिला खर्च शून्य होता आणि दुसरा आजवर दुसरं कोणी भरत होतं, त्याने हात काढला, एवढं सांगा. मग तीन आकडे समोर ठेवा : विक्रेत्याचं वार्षिक कोटेशन, तुम्ही स्वतः बांधून सांभाळलं तर लागणाऱ्या माणसाच्या महिन्यांचा पगार, आणि दुसऱ्या टूलवर जायचा खर्च. लहान कंपनीसाठी बहुतेक वेळा तिसरा आकडा सर्वांत लहान निघतो. कोटेशन मात्र मागवाच. कंपनी लहान असेल तर काही विक्रेत्यांच्या अटींतच सूट असते. अकाच्या अटींप्रमाणे अडीच कोटी डॉलरच्या आतल्या उलाढालीला पैसे नव्हते. न विचारता महाग ठरवलेली टूल मी पुष्कळ पाहिली आहेत.

या आठवड्यात करायचं काम वेगळं. मशीनवर आणि कॅशमध्ये ज्या इमेज अजून शिल्लक आहेत, त्या आधी स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, ढकला. आज मशीनवर आहेत, उद्या कोणी साफसफाईची कमांड चालवली की गेल्या. बिल्डमध्ये इमेजच्या टॅगऐवजी (आवृत्तीच्या नावाऐवजी) डायजेस्ट, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघालेला क्रमांक, लिहा. टॅग विक्रेता कधीही दुसऱ्या इमेजवर फिरवू शकतो, डायजेस्ट फिरत नाही. विक्रेत्याने जुना माल वेगळ्या रेपोत ठेवला असेल तर नाव बदलून काम चालतं, आणि सगळे तेवढ्यावरच थांबतात. पण तिथे पॅच येत नाहीत. ही सोय महिन्या-दोन महिन्यांची समजा आणि संपायची तारीख कॅलेंडरवर टाका.

मग मूळ प्रकल्पाची अधिकृत इमेज आहे का ते पाहा. बहुतेक डेटाबेससाठी ती असते. नुसतं नाव बदलून ती चालणार नाही, कारण डेटाचा फोल्डर आणि युजर क्रमांक इमेजगणिक वेगळे असतात. पोस्टग्रेसच्या अधिकृत डेबियन इमेजमध्ये युजर ९९९ आहे, बिटनामीच्या इमेजमध्ये १००१. जुना व्हॉल्यूम, म्हणजे डेटाचा साठा, तसाच जोडलात तर परवानगी नाकारल्याची एरर येऊ शकते आणि घाईत कोणीतरी सगळ्या फोल्डरला सगळ्यांसाठी उघडी परवानगी देऊन मोकळा होईल. तसं होऊ देऊ नका. डेटाचा डंप काढून नव्या इमेजमध्ये भरणं हळू आहे पण सरळ आहे, आणि बॅकअप खरंच परत येतो का हेही त्यात तपासून होतं.

जिथे अधिकृत इमेज नाही आणि सोर्स उघडा आहे, तिथे एकदा स्वतः बांधून पाहा, पुढे वापरणार नसलात तरी. किती दिवस लागले ते लिहून ठेवा. शेठसमोरचा दुसरा आकडा तिथूनच येतो. आणि पॅच न मिळणारी इमेज ज्या सर्व्हरवर चालू ठेवावी लागतेय, त्याचा बाहेरचा पोर्ट आजच बंद करा.